सुरांना पाप असते काय?

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळातील एका साधनेत आम्ही भाविकांना एक गोष्ट सांगितली होती. अमेरिकेतील एक नामांकित वादक. रात्री-अपरात्री दारूच्या गुत्त्यांतून वाजविणारा, पैसा आणि टाळ्या यांच्या नादी लागलेला. एके दिवशी त्याची पत्नी बाळंतपणात निवर्तली, पाठोपाठ बाळही गेले. त्या आघाताने तो जागा झाला, पापी संगीताला त्याने कायमची लाथ मारली आणि देवाला शरण जाऊन एक अजरामर स्तोत्र रचले. गोष्ट चांगली रंगली. मागच्या बाकांवरील दोन-तीन भगिनींनी डोळे टिपलेले आम्हांला दिसले. त्या वादकाचे नाव आम्ही टॉमी डॉर्सी असे सांगितले होते.

साधना संपल्यावर संगीताचा नाद असलेला एक तरुण आमच्याकडे आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘फादर, टॉमी डॉर्सी हा ट्रॉम्बोन वाजविणारा गोरा वाद्यवृंदप्रमुख होता. स्तोत्र लिहिले ते थॉमस डॉर्सीने. तो कृष्णवर्णीय पियानोवादक. दोघे निराळे.’ ही गफलत आमच्या आधी पुष्कळ प्रवचनकारांनी केलेली आहे, असेही त्याने आमच्या सांत्वनासाठी सांगितले.

नावाची चूक दुरुस्त करणे सोपे होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही ती केली. परंतु त्यानंतर खऱ्या थॉमस डॉर्सीविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की नावापेक्षा मोठी चूक आमच्या गोष्टीच्या बांधणीतच होती. आम्ही एक पाप घेतले होते, एक आघात घेतला होता, आणि त्यातून एक संत काढला होता. त्या माणसाचे आयुष्य काही असे सरळ चालले नव्हते. शिवाय आपल्या जुन्या संगीताला लाथ मारावी असे त्याला कधी वाटलेच नव्हते. ज्या हातांनी तो शनिवारी रात्री वाजवीत होता, तेच हात तो रविवारी सकाळी देवळात घेऊन आला. त्यांना तसेच येऊ द्यावे की नाही, हा खरा प्रश्न. तो आम्ही भाविकांपुढे ठेवलाच नव्हता.

थॉमस अँड्र्यू डॉर्सीचा जन्म १ जुलै १८९९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, व्हिला रिका या लहानशा गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. कायदा एकीकडे आणि माणसाचे जिणे दुसरीकडे, हे आपल्याला नवे नाही. वडील गावोगाव फिरून उपदेश करणारे बॅप्टिस्ट पाळक. उपदेशावर चूल पेटत नसे, म्हणून शेतीत राबत. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. पुढे कुटुंब अटलांटा शहरात आले आणि तेथे मुलाचे शिक्षण चौथ्या इयत्तेच्या पलीकडे फारसे सरकले नाही. त्याची शाळा भरे ती डेकेटर रस्त्यावरील ‘एटी-वन’ नावाच्या नाट्यगृहात. मध्यंतरात प्रेक्षकांना सोडा विकायचा आणि पडदा वर गेला की पियानोवाल्याच्या बोटांकडे टक लावून बसायचे. मा रेनी या विख्यात गायिकेला त्याने तेथेच प्रथम ऐकले. वयात आल्यावर तो घराघरांतील रात्रीच्या मजलिशींत वाजवू लागला. पोलिसांच्या कानांवर जाऊ नये इतक्या हलक्या हाताने वाजवी, म्हणून कुजबुजणारा पियानोवाला असे त्याचे नावच पडले.

ब्लूज हे नाव आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकले असेल, पण ते संगीत नेमके कसे असते हे सांगणे अवघड आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर गंधार आणि निषाद हे स्वर शुद्धही लावायचे नाहीत आणि पुरते कोमलही नाहीत. त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी, हुंदका अडकावा तसे ते दाबून, ओढून घ्यायचे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. विषय नेहमीचेच: निघून गेलेली बायको, फसविणारा नवरा, भाडे मागणारा घरमालक, आलेला पूर. कधी कधी विषय शयनगृहातला, आणि शब्द असे दुहेरी की भल्या माणसाने कानांवर हात ठेवावेत. हे सारे एकाच पेटीतले संगीत होते. रडणेही तेच आणि चावटपणाही तोच. चर्चच्या मंडळींनी म्हणून सगळ्या पेटीलाच कुलूप घातले.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतील कृष्णवर्णीय लोक लोंढ्यांनी उत्तरेकडील शहरांत जाऊ लागले, त्यांत डॉर्सीही शिकागोला पोहोचला. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते, १९३० साली ते २ लाख ३३ हजार झाले. हे आकडे पुढे उपयोगी पडणार आहेत. शिकागोत त्याचे नाव झाले. १९२४ साली मा रेनीने त्याला आपल्या वाद्यवृंदाचा प्रमुख नेमले आणि लहानपणी जिला सोडा विकता विकता ऐकले होते तिच्याच मागे तो पियानोवर बसला. पुढच्याच वर्षी नेटी हार्पर हिच्याशी त्याचे लग्न झाले. मा रेनीच्या कपड्यालत्त्यांची व्यवस्था पाहणारी ही तरुणी.

आणि मग १९२६ मध्ये, नाव आणि पैसा दोन्ही हाती असताना, त्याची बोटे थांबली. शरीराला काही आजार सापडेना, मन मात्र विझत चालले होते. जीव द्यावा असे विचार त्याच्या मनात येऊ लागले. आज आपण त्याला नैराश्याचा विकार म्हणतो आणि डॉक्टरांकडे नेतो, तेच योग्यही आहे. त्याला त्याची वहिनी एका चर्चमध्ये घेऊन गेली. तेथील बिशपने त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि देवाने तुझ्याकडून करून घ्यायचे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे, मरण्याची घाई करू नकोस, अशा अर्थाचे काही सांगितले. त्याच सुमारास शेजारचा एक मित्र अचानक वारला. त्या धक्क्यात डॉर्सीने मृत मित्राला उद्देशून एक भक्तिगीत रचले: तारणाऱ्याची भेट झाली तर मला पाहिले होते असे त्याला सांग. शब्द देवाचे, सूर मात्र ब्लूजचे.

आमच्या साधनेतील गोष्टीप्रमाणे येथे पडदा पडायला हवा होता. तो पडला नाही. डॉर्सीने पाच डॉलर उसने घेतले, त्या गीताच्या पाचशे प्रती छापल्या आणि देशभरातील चर्चना टपालाने धाडल्या. मागणी येण्यास सुमारे तीन वर्षे लागली. घरात दारिद्र्य होते. १९२८ साली टॅम्पा रेड नावाचा गिटारवादक काही शब्द घेऊन आला आणि चाल लावून दे म्हणाला. शब्द उघडउघड चावट होते. डॉर्सी आधी कचरला. मग त्याने घरातील मोडके सामान पाहिले, बायकोच्या अंगावरचे कपडे पाहिले, आणि चाल लावली. ‘इट्स टाइट लाइक दॅट’ या त्या गीताच्या तबकड्या धडाधड खपल्या आणि हाती आलेला पहिलाच धनादेश दोन हजार डॉलरांच्या वर होता. पुढची तीन-चार वर्षे ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने तो अशी गाणी ध्वनिमुद्रित करीत राहिला आणि त्याच काळात चर्चसाठी भक्तिगीतेही लिहीत राहिला. एकाच टेबलावर, बहुधा एकाच दौतीने.

या वर्षांवर आम्ही बराच वेळ थांबलो. प्रवचनाला ही वर्षे गैरसोयीची आहेत. आपल्याला मनपरिवर्तन हवे असते ते दिमिष्काच्या वाटेवरच्या शौलासारखे: प्रकाश, घोड्यावरून पडणे आणि नवे नाव. (पवित्र शास्त्रात घोडा नाहीच, तो चित्रकारांनी आणला, पण प्रवचनांतून तो काही जात नाही.) कबुलीजबाबाच्या खिडकीपाशी तीस वर्षे बसल्यावर आम्ही इतके सांगू शकतो की बहुतेक माणसे डॉर्सीसारखीच येतात. दोन पावले पुढे, घरभाडे थकले की एक पाऊल मागे. त्यांना आम्ही शौलाची गोष्ट सांगतो आणि ती निमूटपणे ऐकून घेतात.

शेवटी १९३० साली बॅप्टिस्ट मंडळींच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्याचे ते जुने भक्तिगीत कोणी गायिले आणि श्रोते उठून उभे राहिले. हजारो प्रती तेथेच खपल्या. १९३१ मध्ये शिकागोतील एबेनेझर चर्चमध्ये त्याने नव्या पद्धतीचा गायनवृंद उभा केला, आणि १९३२ मध्ये पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चने त्याला गायनवृंदाचा प्रमुख केले. म्हणजे ज्या आघाताने तो देवाकडे वळला असे आम्ही सांगितले, त्या आघातापूर्वीच तो देवळात येऊन बसलेला होता.

तो आघात ऑगस्ट १९३२ मधला. सेंट लुईस शहरात एका धर्मसभेत गाण्यासाठी डॉर्सीला जायचे होते. नेटीचे दिवस भरत आले होते. तो मोटारीने निघाला, काही अंतर गेल्यावर गाण्याच्या कागदांची पेटी घरीच राहिल्याचे आठवले, म्हणून परतला. नेटी झोपली होती. आज जाऊ नये असे त्याला आतून वाटले, असे तो पुढे सांगत असे. तरी तो गेला. दुसऱ्या दिवशी सभेतच त्याच्या हाती तार ठेवली गेली. पत्नी बाळंतपणात दगावली होती. तो घरी पोहोचला तेव्हा मुलगा जिवंत होता, पण रात्र संपण्याआधी तोही गेला. आई आणि मूल यांना एकाच शवपेटीत पुरले.

त्यानंतरच्या दिवसांत डॉर्सीला देवाचा राग आला. देवाने आपल्यावर अन्याय केला, आता त्याची गाणी लिहायची नाहीत, ब्लूजकडे परत जायचे, असे त्याने ठरविले होते. म्हणजे दुःखाने तो देवाकडे वळला नाही, दुःखाने तो देवापासून दूर चालला होता. योब वाचलेल्यांना यात नवल वाटू नये. एका संध्याकाळी मित्र थिओडोर फ्राय त्याला घेऊन एका शांत खोलीत पियानोपाशी बसला. डॉर्सीची बोटे एका जुन्या स्तोत्राच्या चालीवरून फिरू लागली आणि नवे शब्द येऊ लागले: थकलो आहे, दुबळा आहे, माझा हात धर, अशी ती विनवणी. प्रभूला त्याने प्रथम ‘धन्य’ असे विशेषण लावले होते. फ्राय म्हणाला, ‘धन्य’ नको, ‘मोलाचा’ म्हण. तेच ठरले. येथे एक गंमत आहे आणि ती आम्हांस महत्त्वाची वाटते. या जगप्रसिद्ध गीताची मूळ चाल गुत्त्यातली नाहीच. ती एकोणिसाव्या शतकातील एका सोज्ज्वळ स्तोत्राची चाल आहे. डॉर्सीच्या हातांनी तिला संथ केले, तिचे सूर दाबले, ओढले. चाल देवळातली होती, तिला रडायला मात्र ब्लूजने शिकविले.

आता मुख्य प्रश्न. सुरांना पाप असते काय?

शिकागोतील मोठ्या कृष्णवर्णीय चर्चमधील पुष्कळ पाळकांनी त्या काळी डॉर्सीला दार दाखविले. त्यांना नुसते संकुचित ठरवून मोकळे होणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्यांचे आजे-आजोबा गुलाम होते. गोऱ्या जगाने त्यांच्या गाण्याला आणि नाचण्याला नेहमी रानटी म्हटले होते. हँडेल आणि मोझार्ट यांच्या रचना अचूक गाणारा आपला गायनवृंद म्हणजे आम्हीही माणसे आहोत याचा पुरावा, असे त्यांना वाटे. अशा देवळात कोणी टाळ्या वाजवीत, अंग डोलवीत, गुत्त्यातला ताल घेऊन आला तर त्यांना अपमान वाटणारच. आपल्याकडेही शुद्ध बोलणाऱ्यांच्या घरात गावची बोली तोंडातून निघाली की आई-बाप चटकन डोळे वटारतात. ती लाज असते, आणि त्या लाजेच्या मागे बहुधा एखादी जखम असते.

आपल्या ख्रिस्तसभेतही हा वाद जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात कबूल केले आहे की देवळातील गाणे ऐकून आपण रडलो. पण गीतातील अर्थापेक्षा गाण्यानेच आपल्याला अधिक हलविले असे कधी होते, तेव्हा आपण अपराध केला असे त्यांना वाटे. १५६२ साली ट्रेंटच्या परिषदेने उपासनेतून लंपट व अशुद्ध संगीत दूर ठेवण्यास सांगितले. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. डॉर्सी तेव्हा चार वर्षांचा होता, आणि बॅप्टिस्ट असल्यामुळे पुढेही त्याला या आज्ञेची झळ लागली नाही. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपल्या संविधानात निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान दिले. जून १९८९ मध्ये सिस्टर थीया बोमन ही कृष्णवर्णीय कॅथलिक धर्मभगिनी, कर्करोगाने खंगलेली, चाकांच्या खुर्चीत बसून अमेरिकेतील बिशपांच्या सभेपुढे आली आणि आपल्या लोकांचे गाणे गाऊन तिने सभेला सुरुवात केली. शेवटी सारे बिशप हातांत हात गुंफून तिच्याबरोबर गात होते.

आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी या बाबतीत फार मागे जायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले ते ओवीत. ती ओवी त्यांनी कोठून आणली? ज्या पुराणांना त्यांचे सोबती मूर्तिपूजेची पुस्तके म्हणत, त्यांच्याच घरातून. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने लिहिली. आज ती आपल्याला जुनी, सात्त्विक वाटतात. नव्याची भीती ही बऱ्याचदा अशीच वयाने बरी होते.

तरीही ‘सूर निष्पाप असतात, शब्दांकडे पाहा’ एवढे म्हणून भागत नाही. सुरांना आठवण असते. ज्या माणसाने एका चालीवर दहा वर्षे दारू प्याली, त्याच्या कानांवर ती चाल देवळात पडली तर त्याला वेदी दिसणार नाही, तो गुत्ताच दिसेल. संत पौलाने करिंथकरांना मूर्तीपुढील मांसाविषयी लिहिले ते येथे आम्हांस दिवा दाखविते. मांसाला स्वतःचे काही पाप नाही हे पौल जाणतो. तरी आपल्या खाण्याने दुबळ्या भावाची सदसद्विवेकबुद्धी घायाळ होत असेल तर तो जन्मभर मांस सोडायला तयार आहे. म्हणजे प्रश्न मांसाचा नसून भावाचा आहे. शिकागोच्या पाळकांच्या मनात हाच दुबळा भाऊ असणार.

परंतु दुबळा भाऊ कोणता? मघाचे आकडे येथे आठवावेत. वीस वर्षांत जे पावणेदोन-दोन लाख लोक त्या शहरात उतरले, ते कापसाच्या शेतांतून आले होते आणि आता खाटीकखान्यांत, धुलाईघरांत, श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत राबत होते. रविवारी ते मोठ्या चर्चमध्ये जात आणि मागच्या बाकावर मुके बसत. गायनवृंद सुंदर गाई, पण त्यांना त्यात हुंकार भरायला जागा नसे. त्यांना रडता येत होते ते एकाच संगीतात, आणि ते दाराबाहेर ठेवून यायचे होते. तेही दुबळेच भाऊ होते. एका भावाला ठेच लागू नये म्हणून दुसऱ्याची जीभ कापायची काय, असा हा पेच आहे. पौलाच्या पत्रात त्याचे आयते उत्तर आम्हांला सापडले नाही. आमचा कल कोणीकडे आहे ते मात्र सांगतो. ज्याला ठेच लागते त्याची समजूत पाळकाला घालता येते, त्याच्या घरी जाता येते, त्याच्यासाठी एखादी चाल काही काळ बाजूलाही ठेवता येते. जो मुका बसला आहे तो मात्र तक्रार घेऊन येत नाही. तो एके दिवशी नुसता यायचा थांबतो.

डॉर्सीवर दुसरा आक्षेप होता तो पैशाचा. त्याने देवाची गाणी विकली. एकेका गीताचे सुटे कागद छापायचे, चर्चमध्ये जाऊन ते गाऊन दाखवायचे आणि दाराशी काही सेंटांना विकायचे, अशी ही पद्धत. पूर्वी लोक अख्खे स्तोत्रपुस्तक घेत, याने एक-एक गाणे हाती दिले. त्यासाठी त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. सॅली मार्टिन ही खड्या आवाजाची गायिका त्याच्याबरोबर गावोगाव फिरली. तिला आढळले की हा गृहस्थ हिशेबच ठेवीत नाही, पैसे पिशवीत टाकतो आणि कोणीही त्यात हात घालतो. तिने वह्या घातल्या आणि धंदा मार्गी लावला. १९३३ मध्ये देशभरातील अशा गायनवृंदांचे पहिले अधिवेशन शिकागोत भरले, आणि पुढे कित्येक दशके डॉर्सी त्या संघटनेचा अध्यक्ष होता. महालिया जॅक्सन या तरुणीला त्याने गाणे शिकविले, तिच्याबरोबर तो रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून गाण्याचे कागद विकत असे. पुढे तिचा आवाज जगभर गेला.

हा व्यापार होता काय? होता. शिमोन जादूगाराने प्रेषितांपुढे पैसे ठेवले तेव्हा पेत्राने त्याला झिडकारले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण शिमोनाला विकत हवी होती ती पवित्र आत्म्याची देणगी. डॉर्सी विकत होता तो छापलेला कागद, आपल्या श्रमाचा. ब्लूजच्या बाजारात कृष्णवर्णीय गीतकारांची गाणी किरकोळ रकमेला घेऊन प्रकाशक गबर होत, हे त्याने पाहिले होते. देवाच्या गाण्यांच्या बाबतीत तरी मालकी आपल्या लोकांकडे राहावी असे त्याला वाटले असेल तर त्यात लोभ पाहण्याची घाई आम्ही करणार नाही. आमच्याच धर्मग्रामांत गायनवृंदाच्या वादकाला ‘सेवा’ म्हणून फुकट बोलावतात आणि मंडपवाल्याला रोख देतात, यावर कोणी कधी चर्चा केल्याचे आम्हांस आठवत नाही.

जिने डॉर्सीला उभे केले त्या मा रेनीचेही थोडे सांगायला हवे. उत्तरायुष्यात ती जॉर्जियातील आपल्या गावी परतली, तेथे स्वतः नाट्यगृहे चालविली आणि चर्चमध्ये जाऊ लागली. १९३९ साली ती वारली. तिच्या नावे एकही भक्तिगीत प्रसिद्ध नाही, म्हणून प्रवचनांत ती येत नाही. आम्हांला तिच्याविषयी अधिक वाचायचे आहे.

४ एप्रिल १९६८ रोजी संध्याकाळी मेंफिस येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग विश्रामगृहाच्या सज्जात उभे होते. रात्रीच्या सभेत वाजविणाऱ्या बेन ब्रँच या वादकाला त्यांनी खाली हाक मारून सांगितले की डॉर्सीचे ते गाणे आज वाजव, छान वाजव. क्षणार्धात गोळी आली. त्यांच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सनने ते गायिले. १९७२ साली महालिया वारली तेव्हा ते अरेथा फ्रँकलिनने गायिले. स्वतः डॉर्सी २३ जानेवारी १९९३ रोजी शिकागोत वारला, वयाच्या ९३ व्या वर्षी. अखेरच्या काळात त्याची स्मृती गेली होती. आपल्या ब्लूजच्या दिवसांची त्याने कधी माफी मागितली नाही. दुःख तेच असते, फक्त ते कोणाला सांगायचे हे बदलते, असा त्याच्या बोलण्याचा रोख असे.

हे सारे वाचत असताना आमच्या मनात वारंवार एक गृहस्थ येत होते. आम्ही नुकतेच धर्मगुरू झालो होतो आणि एका किनाऱ्यावरच्या गावी सहायक म्हणून काम पाहत होतो. हे गृहस्थ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. शनिवारी रात्री उशिरापर्यंत मंडपात आणि रविवारी पहिल्या मिस्साला गायनवृंदात. एका रविवारी पवित्र कम्युनियननंतरच्या शांततेत त्यांनी एक अतिशय संथ धून वाजविली. आमचे डोळे भरून आले. मिस्सा संपल्यावर दोन प्रतिष्ठित गृहस्थ पवित्रवस्त्रांच्या खोलीत आले आणि म्हणाले, फादर, हे वरातीत नाचायचे गाणे आहे. आम्ही तरुण होतो, नियम ताजे होते आणि वेदीपाशी फसविले गेल्यासारखे वाटले. पुढल्या रविवारपासून येऊ नका, असे आम्ही त्यांना सांगितले. ते आमच्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांनी वाद घातला नाही. वाद्याची पेटी बंद करता करता एवढेच म्हणाले, ‘बरे फादर. माझ्याकडे दुसरे हात नाहीत.’

ते मिस्साला येत राहिले, मागच्या दाराजवळ उभे राहून. वर्षभरात आमची बदली झाली. ते आता हयात नाहीत.

गेल्या नाताळात त्या गावी मिस्सासाठी जाण्याचा योग आला. गायनवृंदात कीबोर्डवर एक तरुण होता, त्यांचा नातू. विधीपूर्वी तो आमच्याकडे आला आणि विचारले, ‘फादर, कम्युनियननंतर आजोबांची एक धून वाजवू का? इथे पूर्वी चालत नव्हती म्हणतात.’ आम्ही विचारले, कोणती? त्याने देऊळ रिकामे असतानाच बसून आम्हांला ती वाजवून दाखविली. आम्ही त्याला आणखी एकदा वाजवायला सांगितले.